दोन तुकड्यांची काठी

एप्रिल लागला की इथं अमेरिकेत, हर्नडनमधल्या माझ्या अपार्टमेंटच्या पार्किंगमागं डॉगवुड फुलतं. नावात कुत्रं असलं तरी झाड देखणं आहे. धड पानं फुटलेली नसतात तोवरच पांढरी, चार पाकळ्यांची फुलं फांद्यांवर सपाट पसरून बसतात, आणि ऑफिसातली मंडळी खिडकीशी कॉफी घेऊन उभी राहतात, ‘चला, सुटलो एकदाचे थंडीतून’ म्हणतात. माझ्या लेखी त्या फुलांचा अर्थ एवढाच, की डोंगरातल्या ओढ्यांत आता बोटं बधिर न होता हात घालता येईल. कपाटाच्या मागून काठी काढायची, दोरी पुसायची आणि शनिवारचा गजर लावायचा.

काठी म्हणजे मासे धरायची, फ्लाय रॉड. सात फुटी, तीन नंबरची, दोन तुकड्यांत येणारी. वजन म्हणाल तर हातात भाकरी धरल्याइतकंही नाही. ही एवढीशी वस्तू निवडायला आम्हाला अख्खा मोसम लागला. ह्या देशात लोक त्याहून कमी वेळात घर घेऊन मोकळे होतात.

निवडली आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले, कराडात राहतात. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी, २००४ च्या एप्रिलात, ते माझ्याकडं आले. व्हिसा टुरिस्टचा, मुक्काम सहा महिन्यांचा. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही, आणि त्या विषयावर आमच्या घरात जे काय बोलायचं ते आई असतानाच बोलून संपलं होतं. माझा बेत सरळ होता. सहा महिन्यांत आप्पांना इथलं आवडायला लावायचं, मुदत वाढवून घ्यायची, आणि मग पुढचं पुढं. कराडात दोन खोल्यांत एकटा माणूस, स्वतःच्या हातानं पिठलं ढवळतोय, हे चित्र मला सहन होत नव्हतं. तसं मी कुणाला म्हटलं नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. काय सहन होतं आणि काय होत नाही, ह्याला आमच्या रिपोर्टात कॉलम नसतो.

पहिले पंधरा दिवस आप्पा बाल्कनीत बसून होते. समोरच्या रस्त्यावरून लोक तुरुतुरु चालत जायचे आणि तसेच परत यायचे.

“हे कुठं जातात गं?”

“कुठं नाही. चालायला जातात.”

“आणि परत येतात?”

“हो.”

“मग ठीक आहे,” म्हणाले, जणू खात्यानं खुलासा दिला.

मे महिन्यात सिकाडा आले. सतरा वर्षं जमिनीखाली काढून एका उन्हाळ्यापुरते वर येणारे हे किडे, लाल डोळ्यांचे. पार्किंगमध्ये, गाडीच्या काचेवर, माझ्या ओढणीवर, सगळीकडं. दिवसभर नुसता कर्रर्र आवाज, डोकं उठायचं. आप्पांनी मात्र त्यांची माहिती मन लावून ऐकली. “सतरा वर्षं गप्प, आणि वर आल्यावर एवढा आरडाओरडा? आमच्या खात्यात होते असे दोघं-तिघं.” मग विचारलं, “पुढची खेप कधी?”

“सतरा वर्षांनी.”

“मग आमची काही गाठ पडत नाही,” ते म्हणाले. पाचची एसटी चुकली तर साडेपाचचीही मिळणार नाही, असं सांगावं तसा आवाज होता. मी चहा टाकायला आत गेले.

वैशाली म्हणजे माझ्या टीममधली, नागपूरची. ‘काकांना जरा फिरवून आण ना यार, घरात कोंडून ठेवलंयस’ असं म्हणून तिनंच एका रविवारी आम्हाला गाडीत घातलं आणि ब्लू रिजच्या डोंगरावर नेलं. तिथं रस्ता कड्याकडेनं जातो आणि ठिकठिकाणी गाडी थांबवून दरी बघायची सोय आहे. आप्पांनी पहिली दरी नीट बघितली. दुसरी बघितली. तिसऱ्या ठिकाणी गाडीतून उतरलेच नाहीत. “दरी झाली की बघून,” म्हणाले. “पाणी कुठं आहे?” पाण्याचा आवाज येत होता, तो फक्त त्यांना. वैशाली म्हणाली, “काका, इथे पाणी नाहीये, गाड्यांचा आवाज आहे.” आप्पा हसले आणि पायवाटेनं खाली निघाले. आम्ही चप्पल सांभाळत मागं.

होता ओढा. दोन ढांगांत पार होईल एवढा, वरून झाडांनी पुरता झाकलेला, दगडादगडांवरून उतरत जाणारा. आणि मधोमध एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून काठीनं हवेत दोरी फिरवत होता. पिवळी दोरी पुढं जायची, मागं यायची, पुन्हा पुढं. पाण्याला लागायचंच नाव नाही.

“हा मासे धरतोय की पतंग उडवतोय?” आप्पांनी विचारलं.

कोयनाकाठी ते लहानपणी चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीनं मासे धरायचे हे मला ऐकून ठाऊक होतं. गळाला गांडूळ लावायचं, टाकायचं आणि गप्प बसायचं, एवढीच ती विद्या. हा प्रकार निराळा होता. त्या माणसानं आम्हाला गळ दाखवला. गहूभर लोखंडाला पिसं आणि दोरा गुंडाळून माशी केलेली. आप्पांनी तळहातावर घेऊन उलटसुलट बघितली. पायवाट चढून वर आल्यावर म्हणाले, “म्हणजे खायला काही नाहीच. नुसती फसवणूक. आमच्याकडं माशाला मरताना निदान घासभर मिळायचं.”

“तो मारत नाही, आप्पा. पकडून सोडून देतो. इथं नियमच आहे तसा.”

“सोडून देतो?”

“हो.”

परतीच्या वाटेवर ते डोळे मिटून मागं टेकून बसले. वैशालीला वाटलं काकांना गाडी लागली. हर्नडन जवळ आल्यावर मागच्या सीटवरून आवाज आला, “मग आपण शनिवारी जाऊ.”

“शनिवारीच का?”

“शनिवारी खात नाहीच आपण. मारुतीचा वार. मासा सोडायला जिवावर येणार नाही. रविवारी गेलो आणि हातातला मासा सोडला तर घरी येऊन जेवण जाईल का?”

माझा शनिवार हा झोपायचा दिवस. पडदे ओढून दुपारपर्यंत पडून राहायचं, उठल्यावर उभ्याउभ्या काहीतरी खायचं, आणि मग पुन्हा लॅपटॉप. पण आप्पांना इथली एक तरी गोष्ट हवीशी वाटत होती. मी लगेच हो म्हटलं. आमच्याइतकं धर्माला धरून मासे धरणारं दुसरं कुटुंब व्हर्जिनियात असेल असं मला वाटत नाही.

आता काठी घ्यायची. आमच्या घरात वस्तू घेण्याचं एक शास्त्र आहे. घ्यायची तर एकदाच घ्यायची, दणकट घ्यायची, आणि सगळ्याला चालेल अशी घ्यायची. माझा शाळेचा गणवेश कायम दोन वर्षं पुढचा असायचा. माणसं तीन, आणि कुकर आठ जणांचा, कारण पाहुणे आले तर? मॉलजवळच्या मोठ्या दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्या मुलानं साधा प्रश्न विचारला, कुठला मासा धरणार? आप्पांनी छाती पुढं काढून सांगितलं, “ऑल फिश.” त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. आमच्या शास्त्रात बसणारं उत्तर होतं ते. मग त्यानं नऊ फुटी, जाडजूड, समुद्रावरसुद्धा चालेल अशी काठी काढली. आप्पांनी ती आडवी धरून तोलली, टोकाकडून डोळा लावून सरळ आहे का ते बघितलं आणि म्हणाले, “ही पुरेल. तुझ्या पोराबाळांनाही पुरेल.” शेवटच्या वाक्याकडं मी नेहमीप्रमाणं दुर्लक्ष केलं.

परवाना काढला, शिदोरी बांधली, आणि पहिल्याच शनिवारी ती काठी झाडाला लागली. दुसऱ्या झाडाला लागली. ओढा तो केवढा, त्यावर फांद्यांचं छत, आणि आमच्या हातात नऊ फुटी बांबू. पुढं टाकायला जावं तर मागं अडकायची. मागं मोकळी करावी तर वर अडकायची. तीन शनिवार आम्ही गळ झाडांवरून उतरवण्यात घालवले. शेवटी एका डबक्यात एक मासा चुकून लागला. आप्पांनी कोयनेच्या सवयीनं हिसका दिला, आणि तो वीतभर जीव त्या दांडग्या काठीबरोबर पाण्यातून उठला तो थेट आमच्या डोक्यावरून मागच्या झुडपात. “आरं आरं आरं!” करत आप्पा चपलांसकट पळाले. ओंजळीत पाणी घेऊन, त्यात मासा धरून, ओढ्यात नेऊन सोडला. तो निघून गेलेला बघितल्यावरच उठले. धोतर नेसायचं सोडून आता कितीतरी वर्षं झाली, तरी पँटचा सोगा पिळायचा हात धोतराचाच होता.

“ही मासे धरायची नव्हे,” ते म्हणाले. “म्हशी हाकायची.”

मी ती परत केली. इथं वापरलेली वस्तू परत घेतात, हे आप्पांना शेवटपर्यंत पटलं नाही. “वापरून परत? तोंड कसं दाखवायचं त्या पोराला?” म्हणून ते गाडीतच बसून राहिले, आणि मी बाहेर आले तर सीट मागं पाडून झोपल्याचं सोंग घेतलेलं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी ग्लेंडाचं दुकान आहे. अर्ध्यात मासेमारीचं सामान, अर्ध्यात तिनं केलेले जाम. साठीची बाई, आवाज मोठा, सगळ्यांना ‘हनी’ म्हणणारी. आप्पांना तिनं पहिल्या दिवसापासून ‘मिस्टर आप्पा’ केलं आणि आप्पांनी तिला ‘ग्लेंडाबाई’. आप्पांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं. “काइंडली शो अस स्मॉल काठी,” असं म्हणाले, आणि काय आश्चर्य, तिला कळलं.

तिनं सांगितलं ते असं. ह्या खेळात गळाला वजन नसतं, वजन दोरीला असतं, आणि दोरीच्या वजनावरून काठीचा नंबर ठरतो. लहान ओढा, लहान मासा, तर लहान नंबर. दोन किंवा तीन. फांद्यांखालून वावरायचं तर लांबी कमी हवी. पण फारच आखूड घेतली तर दोरी पाण्यावर पडते, वाहत जाते आणि माशी ओढत नेते. शिवाय काठी मऊ हवी, मुठीपर्यंत वाकणारी, कारण इथं दोरी जेमतेम दोन माणसांच्या उंचीएवढी टाकायची असते, आणि ताठ काठीला एवढ्याशा दोरीचा पत्ताच लागत नाही. “सगळ्याला चालेल अशी काठी कशालाच चालत नाही, हनी,” असं ती म्हणाली. मी आप्पांना मराठीत सांगितलं. आमचं शास्त्र मोडीत निघत होतं, पण आप्पांनी वाद घातला नाही.

घेतली मात्र नाही. “बघू,” म्हणाले. पहिल्या फेरीत वस्तू न घेणं हाही आमच्या शास्त्राचाच भाग. शिवाय ग्लेंडा काठ्या नेऊन वापरू द्यायची. मग दर शनिवारी आमचा क्रमच ठरला. सहाला उठायचं, डब्यात पोळी-भाजी आणि चटणी, आधी दुकान, तिथून एक काठी घ्यायची, ओढ्यावर जायचं, परत येताना ती द्यायची आणि दुकानामागच्या हिरवळीवर दुसऱ्या दोन-तीन टाकून बघायच्या. हिरवळीवर गळ नसायचा, दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा. आप्पा एकदा टाकायचे, खांदा चोळायचे आणि म्हणायचे, “माझा खांदा धरलाय. तू टाक गं.” मी टाकायची. ते बाजूला उभे राहून बघायचे. “पुन्हा टाक.” पुन्हा टाकायची. “मूठ जाड आहे हिची,” ते ग्लेंडाला सांगायचे, “शो थिन मूठ.” आप्पांचा पंजा सुपाएवढा, त्यांना बारीक मूठ कशाला, असं एकदा मनात आलं. वयानं पकड कमी झाली असेल असं धरून चालले.

ओढ्यावरचं आता आठवतं ते तुटक. ब्रुक ट्राउट नावाचा तो मासा: पाठ गर्द हिरवी, तिच्यावर किड्यांनी कुरतडल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके, परांच्या कडेला पांढरी रेघ. आप्पा त्याला ‘नवरदेव’ म्हणायचे. धरायच्या आधी हात ओला करायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचं बुळबुळीत निघून जातं, हे मला तिथंच कळलं. फांद्यांखाली काठी फिरवायला जागा नसली तर माशी चिमटीत धरून काठी वाकवायची आणि सोडून द्यायची, गलोल सोडतात तशी. ते मला पहिल्यांदा साधलं तेव्हा आप्पा पाण्याच्या पलीकडून “भले शाब्बास!” असे ओरडले, की त्या डबक्यातले उरलेसुरले मासेही पळाले. दगडावर बसून गार पोळी खाताना ते आईविषयी बोलायचे. घरात बोलायचे नाहीत, तिथं बोलायचे. मीही बोलायची. पाण्याचा आवाज असला की बोलणं सोपं जातं, समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

मला ते शनिवार आवडायला लागले होते. पण माझं लक्ष मोसमाच्या शेवटाकडं होतं. ऑक्टोबरात सहा महिने भरणार, त्याआधी मुदतवाढीचा अर्ज टाकायला हवा. मी विषय काढला की आप्पा म्हणायचे, “बघू.” काठीलाही “बघू,” मुदतीलाही “बघू.” मग माझ्या डोक्यानं आपोआप दोन्हींची सांगड घातली. म्हटलं, ज्या दिवशी हा माणूस इथं काठी विकत घेईल त्या दिवशी तो राहायचं ठरवेल. उगाच कोण घेतं?

जुलैत पाणी आटलं. ओढ्यात ओंजळभर उरलं की मासे आधीच गुदमरलेले असतात, त्यांना छळायचं नाही, असं ग्लेंडा म्हणाली. कालवे सोडण्यात आणि बंद करण्यात जन्म गेलेले आप्पा कोरडे दगड बघून हळहळले. “आवर्तन कधी आहे इथलं?” असं विचारायचे, जणू कुणी वरून पाणी सोडणार होतं. आम्ही ओढ्यावर जायचे बंद झालो, पण दुकानात जाणं सुरूच. काठ्या गाळून गाळून दोनच उरल्या. दोन्ही सात फुटी, दोन्ही तीन नंबरच्या, एकाच घडणीच्या. फरक एवढाच, की एक दोन तुकड्यांत मोडायची आणि दुसरी चार.

“इथले लोक दोन तुकड्यांची घेतात, ट्रकमध्ये टाकून ठेवतात,” ग्लेंडा म्हणाली. “चार तुकड्यांची कुणासाठी, तर विमानानं जाणाऱ्यांसाठी. बॅगेत मावते.”

मी हे आप्पांना सांगितलं. आवाजात काही येऊ दिलं नाही. आप्पांनी दोन्ही काठ्या ठेवायच्या नळ्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघितल्या.

“बघू,” म्हणाले.

त्यानंतरचे आठवडे माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. मतमोजणीच्या दिवशी उमेदवाराचं होतं तसं. वैशाली म्हणाली, “यार, तू काकांना सरळ विचार ना, राहताय की नाही. एवढं टेन्शन काय घेतेस?” पण सरळ विचारायचं आमच्याकडं चालत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, हीच भीती. मी त्यांच्या खोलीत मराठी वाहिन्यांची डिश बसवली. सेलमधून हिवाळ्याचं जाकीट आणलं. आणि ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी ऑफिसातून आले, तर आप्पा जमिनीवर उकिडवे बसून, कपाटावरची मोठी बॅग खाली काढून, टेप लावून तिची लांबी मोजत होते. आधी सरळ, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी.

“काय करताय?”

“काही नाही. बघतोय किती आहे.”

म्हणजे चार तुकड्यांची. म्हणजे जाणार. मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. वरणाचा पार लगदा झाला. आप्पांनी दोनदा वाढून घेतला.

सप्टेंबरात पाऊस झाला, ओढ्याला पाणी आलं. त्या शनिवारी दुकानात शिरल्या शिरल्या आप्पांनी खिशातून पैसे काढले, मला बाजूला उभं केलं आणि ग्लेंडाला म्हणाले, “टू पीस.”

दोन तुकड्यांची!

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. मी जामच्या बाटल्या बघायला लागले. पीच, ब्लॅकबेरी, सगळ्या वाचून काढल्या. बॅगेत न मावणारी काठी घेतली होती आप्पांनी, मापून, समजून. रविवारी मी कोंबडीचा रस्सा केला, कोल्हापुरी मसाल्याचा, वैशालीला बोलावलं. स्वयंपाकघरात तिला हळूच सांगितलं, “राहतायत!” ती ओरडायच्या बेतात होती, मी तोंडावर हात ठेवला. आप्पा पानावर खुशीत होते, रश्शाला तिखट कमी आहे म्हणाले आणि नाक पुसत होते.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघाले. चपला घालताना मागून आवाज आला.

“आगं, तिकिटाची तारीख पक्की कर तेवढी. दसऱ्याआधी पोचलेलं बरं.”

मी तारीख पक्की केली. फोनवरच्या बाईला स्पेलिंग नीट सांगितलं, सीट खिडकीशी मागितली, शाकाहारी जेवण नको म्हणून सांगितलं. घरी येऊन एक शब्द बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आप्पाही काही बोलले नाहीत. न बोलण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

बॅगा भरायला घेतल्या त्या दुपारी माझा तोल गेला. बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या, शेजाऱ्यांना चॉकलेटं, बॅटऱ्या, सगळं भरून झालं. मग मी कोपऱ्यातून काठीची नळी उचलली.

“ही पण घेऊन जा. कोयनेत काय पतंग उडवायचे ते उडवा.”

बॅगेत घातली. बसेना. कपडे काढले, तिरकी घातली. तरी वीतभर बाहेर. पुन्हा काढली, दुसऱ्या कोपऱ्यातून घातली. आप्पा सोफ्यावर शेंगदाणे खात बसले होते.

“नाही बसायची ती.”

“बसवते.”

“आगं, मापून घेतलीय. तिरकी धरूनसुद्धा बसत नाही, ते आधी बघितलं, मगच घेतली.” एक शेंगदाणा तोंडात टाकला. “चार तुकड्यांची घेतली असती तर आत्ता ती ह्या बॅगेत असती. तू घातली असतीस. आईवर गेलीस तू. घरातलं चांगलं असेल ते दुसऱ्याच्या पिशवीत.”

मला कळेना. “मग घेतली कुणासाठी?”

“इतके शनिवार टाकत कोण होतं?”

मी नळी हातात धरून तशीच बसले. बारीक मूठ, धरलेला खांदा, ‘पुन्हा टाक’. चुका शोधायचा पगार घेते मी.

“तुझी आई फोनवर तुझा हॅलो ऐकून सांगायची,” आप्पा म्हणाले. “आज पोरगी जेवली नाही, आज रडली आहे, आज बरी आहे. मला ते येत नाही. मला सगळे हॅलो सारखेच वाटतात. ती गेल्यावर तू फोनवर ‘मी मजेत’ म्हणायचीस आणि मी ‘बरं’ म्हणायचो. खरं की खोटं, काय कळणार? म्हणून बघायला आलो.”

“आणि काय बघितलंत?”

“आलो तेव्हा सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंधार करून पडायचीस. आता शनिवारी सहाला उठून डबा भरतेस.” शेंगदाण्याची सालं त्यांनी ओंजळीत गोळा केली. “मी तिकडं संध्याकाळी मारुतीला जाऊन येईन तेव्हा इथं तुझी सकाळ असेल. मला ठाऊक असेल, पोरगी आत्ता पाण्यात उभी आहे. मग हॅलो ओळखता आला नाही तरी चालेल.”

“राहा ना इथंच. बरोबर जात जाऊ.”

“मी राहिलो तर तू मला न्यायला म्हणून जाशील. मी नसताना गेलीस तर ते तुझं.” मग जरा खाकरून म्हणाले, “आणि माझं घर आहे की तिकडं. मी काय पोरका आहे का?”

मला राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. मी मोठ्यांदा रडले. आप्पांनी पाणी आणून दिलं, आणि बॅगेची चेन दोघांनी मिळून ओढली.

आप्पा आता थकलेत. विमानाचा प्रवास नको म्हणतात. मी दर हिवाळ्यात जाऊन येते. काठीला आता दोन-तीन चरे पडलेत, मुठीचा बुचाचा भाग माझ्या अंगठ्याच्या जागी काळा झालाय. ग्लेंडा अजून ‘मिस्टर आप्पा कसे आहेत’ विचारते आणि जामची बाटली देते. ती कराडला पोचेपर्यंत सामानाच्या तपासणीत दोनदा उघडली जाते. ओढ्याचं नाव सांगत नाही. मासे धरणारे सांगत नसतात.

आप्पांचा फोन रोज येतो. पाणी किती, थंडी किती, जेवलीस का. माझं ‘मी मजेत’ ऐकून अजूनही ‘बरं’ म्हणतात. शनिवारी मात्र फोन येत नाही. मीही करत नाही.

ह्या एप्रिलातल्या पहिल्या शनिवारी पहाटेपासून पाऊस लागला होता. सर्दीनं डोकं जड, ऑफिसचं काम उरावर. गजर बंद केला, पडदा ओढला आणि पुन्हा पांघरुणात शिरले. साडेनऊला जाग आली. खोलीत अंधार. फोन उशीशी होता, वाजलेला नव्हता. कराडात तेव्हा संध्याकाळचे सात. आप्पा मारुतीला जाऊन, नारळाचा तुकडा खिशात टाकून, काठी टेकत घरी आले असतील. खुर्चीत बसले असतील. मी कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मी उठले. रेनकोट घातला, कालच्याच पोळ्या डब्यात घेतल्या आणि कपाटामागून काठी काढली.